मर्ल डॉकरीचा डावा कान

८ जुलै १९५७, सोमवार

काम मिळालं!

मला रोज लिहायबिहायची सवय नाही. पण एक गोष्ट अशी आहे की ती कुणाजवळ बोलता येत नाही, आणि पोटात ठेवली तर पोट फुटेल. माझा डावा कान गेला. जानेवारीत एका चित्रपटात मी मरत होतो, तेव्हा स्फोटाची दारू जरा जवळच उडाली. मी ठरल्याप्रमाणे मेलो, उठलो, कपडे झटकले, आणि बघतो तर डावीकडचं जग बंद. उजवा कान निम्माशिम्मा चालतो. डॉक्टर म्हणाला, गेलेला परत येणार नाही. थोडक्यात, या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची सोय आता राहिली नाही.

कुणाला सांगितलेलं नाही. आयडालासुद्धा नाही. बहिऱ्या नटाला घोड्यावर कोण बसवील?

काम टीव्हीचं आहे. ‘ड्राय फोर्क’ नावाची मालिका, दर रविवारी अर्धा तास. गावाचा तरुण शेरीफ आणि त्याचा म्हातारा नायब, एमॉस पाइक. एमॉस म्हणजे मी. वीस वर्षं मी पडद्यावर बँका लुटल्या, विधवांची कुरणं बळकावली, एकदा कुत्र्याला लाथही मारली, आणि शेवटच्या रिळात नेमाने गोळी खाल्ली. आता पहिल्यांदाच भला माणूस.

आयडाने ऐकून विचारलं, “शेवटी मरतोस?”

“नाही.”

“मग जमेल का तुला?”

आज जेवताना तिने पुन्हा तिची नवीन खुर्ची धरली. संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणते. इतकी वर्षं कधी आलं नव्हतं. फेब्रुवारीपासूनच येऊ लागलंय. बायकांचं काही सांगता येत नाही. पण माझ्या पथ्यावरच पडलं. आता ती उजवीकडे बसते, त्यामुळे गुपित सांभाळायला सोपं जातं.

१५ जुलै, सोमवार

पहिला दिवस.

डायरेक्टर सॉल ग्रॅनिक. बुटका, तोंडात कायम न पेटवलेला सिगार. याने मला आग्रहाने मागून घेतलं असं ऐकलं होतं, पण वागण्यावरून तसं दिसत नाही. दोन हातांच्या अंतरावर उभा राहून माझ्यावर ओरडतो. बाकीच्यांशी मात्र इतक्या हळू बोलतो की ओठ जेमतेम हलतात. मी त्याचं काय घोडं मारलंय देव जाणे.

शेरीफ झालाय लेन कॉर्बेट. न्यूयॉर्कच्या नाटकांतून आलेला देखणा पोरगा. सकाळी येऊन हात पुढे केला आणि जेवणाचं काहीतरी विचारलं. मी म्हटलं, “आभारी आहे, जेवून आलोय.” तो जरा चमकला. न्यूयॉर्कची माणसं अशीच असतात.

ट्वायला फिंच म्हणून एक मुलगी आहे, संवादांचे कागद तिच्याकडे असतात. भारी चुळबुळी! कॅमेऱ्याशेजारी बसून पिवळी पेन्सिल सारखी हलवत असते. पण दुपारपर्यंत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. समोरच्याचं वाक्य संपलं की तिची पेन्सिल थांबते. मग काय, मी तिच्या पेन्सिलीवर नजर ठेवून दिवस काढला. आपण मला केवढी मदत करतोय याची त्या पोरीला कल्पनाही नसेल.

एकही चूक झाली नाही. वीस वर्षांचा अनुभव, दुसरं काय.

९ ऑगस्ट, शुक्रवार

लेन कॉर्बेटचा स्वभाव कळायला लागला. दृश्य कसंही असो, पठ्ठ्या येऊन माझ्या उजवीकडेच उभा राहतो. दारातून डावीकडून यायचं ठरलेलं असलं तरी टेबलाला वळसा घालून उजवीकडे. म्हणजे कॅमेऱ्याला त्याचाच उजवा गाल दिसावा. शेवटी मी विचारलंच, “काय रे, उजव्या गालाला हिरे लागलेत का?”

“हो ना आजोबा,” तो हसून म्हणाला. “आमची आई तसंच म्हणते.”

मला आजोबा म्हणतो! मी त्रेपन्नाचा. आणि या पोराला दर रविवारी सकाळी मी घोड्यावर बसायला शिकवतोय. पहिल्या दिवशी तो खोगिराला असा चिकटला होता की चेमाने त्याची बोटं एकेक करून सोडवली. चेमा आमचा घोडेवाला, सोनोराचा. माझी आणि त्याची पंधरा वर्षांची दोस्ती. मी त्याच्याजवळ कुरकुर केली, की पोराला उपकाराची जाण नाही, पडद्यावर माझी जागा खातो.

चेमा घोड्याचा पाय खरवडत म्हणाला, “डॉन मर्ल, तुम्हाला घोड्याच्या मनातलं सगळं कळतं. माणसाच्या बाबतीत मात्र आनंद आहे.”

कशावरून म्हणाला कोण जाणे.

सॉलचं ओरडणं चालूच आहे. आज म्हणाला, “लगेच उत्तर देऊ नकोस! आधी बघ त्याच्याकडे! बघतोस तसा बघ!” मी बघतो, कारण ओठ वाचल्याशिवाय मला काही कळत नाही. त्याला वाटतं हा अभिनय आहे. वाटू दे.

१५ सप्टेंबर, रविवार

आज पहिला भाग लागला. आमच्या बैठकीत अर्धी गल्ली जमली होती. आवाज मोठा करायला उठायचं कसं, या विवंचनेत मी होतो, तेवढ्यात आयडा म्हणाली, “मला मेलीला हल्ली काही ऐकूच येत नाही,” आणि तिने तो इतका मोठा केला की फुलदाणी थरथरायला लागली. बिचारीचं वय झालं. डॉक्टरकडे न्यायला हवं तिला.

खरी गंमत मिसेस लिंडक्विस्टची. आमची शेजारीण. मी पडद्यावर कुत्र्याला लाथ मारली तेव्हापासून तिने आपल्या कुत्र्याला माझ्या कुंपणाजवळ फिरकू दिलेलं नाही. कितीदा सांगितलं, बाई, तो पेंढा भरलेला कुत्रा होता. ऐकायलाच तयार नाही. आज ती पीचचा केक घेऊन आली. मी हात पुढे केला, तर म्हणते, “तुमच्यासाठी नाही. एमॉससाठी आहे.”

“एमॉसला पोचवतो मी,” मी म्हटलं.

जाताना माझी बाही धरून म्हणाली, “बाकीचे सगळे समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघतात. एमॉस ऐकतो. आमचे हे गेल्यापासून माझं असं कुणी ऐकलेलं नाही.”

एमॉस ऐकतो म्हणे! मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

बेकर्सफील्डला नव्या दुकानाच्या उद्घाटनाला एमॉसच्या वेषात गेलो. जिकडेतिकडे एकच विषय. रशियाने आभाळात एक गोळा सोडलाय, तो पृथ्वीभोवती फिरतो, आणि त्याचं बीप बीप रेडिओवर ऐकू येतं. गर्दीत एकाने छोटा रेडिओ माझ्या डाव्या कानाला लावला. “ऐकलं, एमॉस?”

“ऐकलं,” मी म्हटलं. “मला तरी कम्युनिस्ट वाटतो.” सगळे खो खो हसले. निभावलं.

पण मग एक म्हातारा पुढे आला. रुंद खांदे, हातावर जळाल्याचे डाग. जन्मभर रेल्वेत बॉयलर ठोकत होता म्हणाला. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला आणि एवढ्या मोठ्याने ओरडला की डब्यांची उतरंड हलली, “कुठला गेलाय? डावा ना? मान वळवतोस त्यावरून कळतं! माझे दोन्ही गेले!”

मी त्याचा हातही न धरता पाठ फिरवली. घोडा बघायचा आहे असं काहीतरी पुटपुटलो आणि गाडीत जाऊन बसलो. एका परक्या माणसाला पडद्यावरून कळतं, तर स्टुडिओत कुणाला कळायला किती वेळ लागेल? म्हाताऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. त्याला एवढा आनंद झाला होता, आणि मी पाठ फिरवली.

२१ ऑक्टोबर, सोमवार

एमॉस मरतोय.

पुढच्या भागाचे कागद आले. तीन दरोडेखोर, खिंडीत गाठून मारतात. ‘गोल्डन मेसा कॉफी’ ही कंपनी आमच्या मालिकेला पैसे पुरवते, त्यांचा माणूस मिस्टर प्रॅथर स्वतः आला होता. त्याचं म्हणणं, एमॉस मंद आहे. प्रश्न विचारला की आधी बघत बसतो. आमची कॉफी पिणारा माणूस तरतरीत दिसला पाहिजे. त्याच्या जागी कुणीतरी तरुण, गिटार वाजवणारा आणू.

लेनने कागद जमिनीवर आपटले. मीच त्याची समजूत घातली, “अरे, मरणं हा माझा धंदा आहे. तू कशाला जिवाला लावून घेतोस?”

“तुमचा धंदा असेल,” तो म्हणाला, “माझा नाही,” आणि निघून गेला.

मी आजवर दरीत मेलो, दारूच्या गुत्त्यात मेलो, जिन्यावरून गडगडत मेलो. कधी काही वाटलं नाही. या खेपेला मात्र मरावंसं वाटत नाही. आयडाला सांगितलं तेव्हा आवाज नीट ठेवला. मग नळ सोडून न्हाणीघरात बसलो.

२९ ऑक्टोबर, मंगळवार, लोन पाइन

आज जे झालं ते सगळं लिहितो.

शूटिंगला आलोय त्या खडकांत वारा सुटला होता. वाऱ्यात माझा उजवा कानही कामातून जातो. माझं मरण दुपारी ठरलं होतं. मी खडकाला टेकून उभा होतो आणि समोर ट्वायला एकाएकी पांढरीफटक पडलेली दिसली. तिची पेन्सिल माझ्या डावीकडे रोखलेली. मी वळलो. प्रॅथर माझ्या खांद्याशी उभा होता. केव्हापासून कोण जाणे. तो माझ्याकडे नाही, सगळ्यांकडे बघून बोलला आणि या वेळी मला ऐकू आलं.

“बघितलंत? तीनदा हाक मारली. ठार बहिरा आहे हा माणूस. आणि याला तुम्ही घोडे आणि बंदुकांमध्ये उभा करता!”

सगळे माझ्याकडे वळले. सुतार, दिवेवाले, चेमा, सगळे. मला वाटलं होतं ही वेळ आली की मी काहीतरी विनोद करून निसटेन. तयार करून ठेवलेला एक होताही. पण तो म्हातारा बॉयलरवाला डोळ्यांपुढे आला. केवढ्या मोठ्याने बोलला होता तो, भर दुकानात!

मी टोपी काढली. “खरं आहे,” मी म्हटलं. “डावा कान जानेवारीत गेला. उजवा निम्मा आहे. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम मिळालं नसतं, आणि मला हे काम हवं होतं.”

मग लेन आला. माझ्या उजवीकडे.

“आजोबा,” तो म्हणाला, “आम्हाला माहीत आहे.”

“केव्हापासून?”

“पहिल्या दिवसापासून. मी म्हणालो, माझं नाव लेन कॉर्बेट. तुम्ही म्हणालात, आभारी आहे, जेवून आलोय.”

पहिल्यांदा चेमा हसला, मग ट्वायला, आणि मग सगळा खडकाळ माळच हसायला लागला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे आता लिहिताना कळतंय. तेव्हा कळलं नाही. मी तिथून चालता झालो.

३० ऑक्टोबर, बुधवार, लोन पाइन

उठल्यापासून डोकं भणभणतंय. ती पेन्सिल. ते ओरडणं. तो उजवा गाल. सगळ्या जगाला ठाऊक, आणि मी एकटाच शहाणा. आपलं कसब समजून मिरवत होतो ते लोकांनी मला धरलेलं बोट होतं.

न्याहारीआधी आयडाला फोन केला. “तुला माहीत होतं?”

बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, गेला हाही कान.

मग ती म्हणाली, “फेब्रुवारीत माझ्या माहेरून तार आली. तू पेपर वाचत होतास. मी डावीकडून येऊन सांगितलं, मर्ल, आई गेली. तू म्हणालास, अरे वा, केव्हा येतायत?”

मी फोन उजव्या कानाशी घट्ट धरला.

“मग मी वळसा घालून उजवीकडे आले आणि पुन्हा सांगितलं. तेव्हा तू माझ्याआधी रडलास. त्याच दिवशी कळलं. तुला सांगायचं नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही. मग आपलं ऊन डोळ्यांवर यायला लागलं.”

“आणि तो टीव्हीचा आवाज?”

“माझे कान ठणठणीत आहेत, बावळटा. डोकं मात्र दुखतं माझं दर रविवारी.”

फोन ठेवला तर दारात सॉल उभा. सिगार पहिल्यांदाच पेटलेला.

“झाला का रुसवा?” तो ओरडला. “आता ऐक. तू काम मागायला आलास त्याच दिवशी मला कळलं होतं. माझी मदतनीस बोलत होती आणि तू तिच्याकडे असा बघत होतास की जणू तिचा शब्द चुकला तर जीव जाईल. मी म्हटलं, हाच. अरे, ऐकणारा नट शोधून शोधून मी म्हातारा झालो! सगळे आपापल्या पाळीची वाट बघतात. तुला खरोखर कष्ट पडतात ऐकायला, आणि ते कष्ट पडद्यावर दिसतात. ते प्रॅथरला मंदपण वाटतं. लोकांना नाही वाटत.”

“प्रॅथर पैसे देतो. लोक नाही.”

“प्रॅथरशी बोललोय मी. लेनही बोललाय. एमॉस मेला तर मीही न्यूयॉर्कला परत जातो म्हणाला पोरगा. शेवट दोन घ्यायचे. एकात मरतोस. दुसऱ्यात बंदूक कानाशी उडते, तू वाचतोस, पण कान जातो. तू जगतोस तो शेवट एखाद्या थिएटरात लोकांना दाखवायचा. लोक चुळबुळले, तर एमॉस मेला.”

“बहिरा नायब?” मी म्हटलं. “कोण बघेल?”

“आत्तापर्यंत कोणाला बघत होते?” सॉल म्हणाला. हे तो हळू बोलला. मला ऐकू आलं.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी मेलो. उत्तम मेलो. प्रॅथरनेसुद्धा घड्याळातून मान वर काढली.

दुपारी वाचलो. खाटेवर डोळे उघडतो, लेन डावीकडे वाकून बोलतोय, त्याचे ओठ हलतायत आणि आवाज नाही. माझं वाक्य होतं, “काय म्हणालास?” एवढंच. जानेवारीपासून हे दोन शब्द मी एकदाही कुणाला म्हटले नव्हते. कळू नये म्हणून गिळत आलो होतो. आज मोठ्याने म्हटले. सॉल थांबा म्हणायलाच विसरला. ट्वायलाची पेन्सिल खाली पडली, आणि या खेपेला मला तिची गरज नव्हती.

१६ नोव्हेंबर, शनिवार

ग्लेंडेलच्या एका थिएटरात, दुपारच्या खेळाला, मुख्य चित्रपटाआधी आमचा भाग. लोकांना काही सांगितलेलं नव्हतं. मी आणि आयडा शेवटच्या रांगेत, प्रॅथर भिंतीला टेकून उभा.

माझं दृश्य आलं. पडद्यावरचा आवाज मुद्दामच बंद केलेला. म्हणजे त्या घटकेला त्या थिएटरातले सगळे माझ्यासारखेच. पण ते हसतायत की कुजबुजतायत हे मला कळेना. मी लोकांच्या पाठी बघत बसलो. पुढच्या रांगेतल्या एका दांडग्या माणसाचे खांदे हलत होते. हसतोय, मला वाटलं. संपलं.

आयडाने माझा हात घट्ट धरला. पडद्यावर लेन खाटेला वळसा घालून उजवीकडे आला आणि म्हणाला, “मी म्हणालो, घरी चल.” मी म्हणालो, “एवढंच ना? मग ओरडतोस कशाला?”

दिवे लागले. तो दांडगा माणूस वळला, रुमालाने तोंड पुसत होता. त्याने मला पाहिलं. तो उभा राहिला. त्याच्या शेजारची बाई उभी राहिली. मग रांगामागून रांगा वळायला लागल्या. मी टाळ्यांचं फार काही सांगू शकत नाही, मला निम्म्याच ऐकू आल्या. पण प्रॅथरने एक बोट कानात घातलं होतं, ते मी पाहिलं.

बाहेर तो माझ्याजवळ आला. “मिस्टर डॉकरी, तुम्ही कॉफी पिता का?”

“चहा पितो,” मी म्हटलं.

“पुढचं वर्षभर कुणाला सांगू नका,” तो म्हणाला, आणि हात पुढे केला.

१ जानेवारी १९५८, बुधवार

पासाडिनाची नववर्षाची मिरवणूक. फुलांचे रथ, बँडपथकं, आणि त्यांच्यामागे घोड्यांवर आम्ही. लेन पुढे, लगाम एका हातात, टोपी दुसऱ्या हातात. बोटं सोडवायला आता कुणी लागत नाही. मागून चेमा. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसंच माणसं, छपरांवर माणसं.

वीस वर्षं मी अशा गर्दीतून गेलो की पोरं हुर्यो करायची. एकदा कुणीतरी अंडंही मारलं होतं. आज उजवीकडून लाट आली, “एमॉस! एमॉस!” निम्मीच ऐकू आली, पण अंगावर काटा आला. डावीकडे बघितलं, तर तिथेही तोंडं उघडी, हात वर, एक म्हातारी खुर्चीवर उभी राहून रुमाल हलवतेय, आणि आवाज नाही. काहीच नाही. जणू काचेपलीकडे.

मला ते बरं वाटेना. त्या लोकांनी काय घोडं मारलं होतं?

मी घोडीची मान थोपटली, लगाम ओढला आणि तिला भर रस्त्यात जागच्या जागी वळवली. तोंड मागून येणाऱ्या चेमाकडे, शेपूट पुढे. मग टाच न लावता नुसत्या गुडघ्यांनी तिला मागे मागे चालवायला लागलो. मिरवणूक ज्या दिशेने चाललीय त्या दिशेला, पण उलट्या तोंडाने. आता डावीकडची माणसं माझ्या उजवीकडे आली, आणि त्यांचा आवाज असा आदळला की डोळ्यांत पाणी आलं.

“डॉन मर्ल!” चेमा ओरडला. “रांग मोडतेय! मिरवणूक तिकडे चाललीय!”

“काय म्हणालास?” मी ओरडलो.

“मिरवणूक तिकडे!”

“ऐकू येत नाही!” मी म्हटलं, आणि टोपी उंच उडवली. घोडी एकेक पाऊल अचूक मागे टाकत राहिली.